शिडाची सावली

श्रोतेहो, नमस्कार.

राजपुरीहून जंजिऱ्याला माणसं आजही शिडाच्या होडीतून जातात. मुंबई-मांडव्याकडे हौशी यॉट फिरतात. काही हंगामांनी त्यांची शिडं ढिली पडतात, वारा नीट धरत नाहीत आणि कोपऱ्यात जाऊन पडतात. आणि इकडे एप्रिल-मेच्या उन्हात जवळा निवडणाऱ्या बायांच्या डोक्यावर पदराशिवाय काही नसतं. हे कापड त्यांच्या डोक्यावर यायला हवं.

आधी कापड ओळखा. पांढरं, कडक, कागदासारखं वाजणारं असेल तर ते डेक्रॉन, म्हणजे पॉलिएस्टर. तेच घ्या. पातळ, रंगीत, फुग्यासारखं शीड नायलॉनचं; ते ताणतं आणि उन्हात लवकर विरतं. काठाजवळ दाभण टोचून भोक दोन्ही बाजूंनी ओढा. चिरत गेलं तर कापड मेलं, सोडून द्या. मग शिवणीवर नख घासा. दोरा पिठासारखा सुटला तर घाबरू नका. कडक कापडात दोरा रुतत नाही, वर उघडा राहतो, म्हणून ऊन त्याला आधी खातं. शिवण पुन्हा घालता येते. गावच्या शिंप्याच्या मशीनला कोपऱ्याचे आठ-दहा थर झेपत नाहीत. रिक्षाचं हूड शिवणाऱ्याकडे जा, दोरा पॉलिएस्टरचाच मागा. त्याआधी शीड गोड्या पाण्याने धुऊन कडकडीत वाळवा.

आता खरी गोष्ट. शीड सपाट नसतं. वारा धरावा म्हणून शिवतानाच त्याला पोट दिलेलं असतं. सावलीला तेच पोट नडतं. ते खाली ठेवून बांधलं तर पाऊस तिथे साचतो: चार चौरस मीटरवर पाच सेंटीमीटर पाणी म्हणजे 200 किलो. म्हणून पोट वर, आणि उतार चांगला, दर चार फुटांना किमान एक फूट.

शिडाची मागची कड बाहेर फुगलेली असते, तिला आतल्या पट्ट्या पेलतात. पट्ट्या काढल्या की ती कड फडफडते, आणि फडफडणारं कापड स्वतःला फाडतं. ती आतल्या बाजूला कमानीसारखी कापा, पाच मीटर कडेला मध्यभागी 25 ते 40 सेंटीमीटर खोल. मग काठाला रुंद पट्टा दुहेरी शिवा. कोपऱ्यांच्या मूळ कड्या मात्र कापू नका. तिथलं बळ पुन्हा शिवून येत नाही.

खांब तीन इंची जी.आय. पाइपचे, तीन फूट खोल काँक्रीटमध्ये, थोडे बाहेर झुकलेले. वाळूत एवढ्याने भागत नाही, पायाला रुंद तळ लागतो. माडाला बांधू नका: माड डोलतो, दोरी त्याची साल खाते आणि शीडही फाटतं. एक कोपरा खाली ठेवायचा तो पश्चिमेला. दुपारचा खारा वारा वरून निघून जातो आणि उतरतं ऊनही तिथेच अडतं. उंच बाजू दहा-अकरा फुटांवर, मोकळी. डेक्रॉनमधून हवा जात नाही, खाली कोंडलेली ऊब तिथूनच निघते.

वाऱ्याचा हिशेब विसरू नका. ताशी 50 किलोमीटरला दर चौरस मीटरवर साधारण 12 किलो दाब येतो, म्हणजे 20 चौरस मीटरवर 240 किलो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा पक्की छपरं उडाली. त्यापुढे कापडाचा काय पाड! म्हणून मिरगाच्या आधी, म्हणजे मे संपताना, शीड उतरवायचंच. आणि वादळाचा इशारा आला तर त्याच दिवशी.

उतरवायची सोय बांधतानाच करा. खालच्या कोपऱ्याला टर्नबकल, म्हणजे आटे फिरवून ताण देणारा सांधा, नको, खाऱ्या हवेत त्याचे आटे गंजून धरतात. तिथे पॉलिएस्टरची दोरी आणि ओढताच सुटणारी गाठ ठेवा. सावलीत बसणाऱ्या बायांपैकी दोघींना तरी ती गाठ सोडून शीड खाली घेता आलं पाहिजे, शिडीशिवाय, पाच मिनिटांत. बांधायच्या दिवशीच त्यांच्याकडून एकदा उतरवून घ्या.