छोट्या पिस्तुलात स्प्रिंग बसवायची कुठे?

नमस्कार मंडळी. पिस्तूल लहान कसं होत गेलं यावर बोलायचंय. बऱ्याच जणांना वाटतं मोठं पिस्तूल घ्यायचं, नळी आखूड करायची, मूठ कापायची, झालं. तसं होत नाही हो, घोडं अडतं ते स्प्रिंगपाशी.

आधी आत काय चालतं ते बघू. गोळी पुढे सुटते तसा गॅसचा दाब काडतुसाच्या पुंगळीला मागे रेटतो, पुंगळी स्लाइडला, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाला, रेटते, मग पुंगळी बाहेर पडते आणि स्प्रिंग स्लाइडला परत पुढे आणते, येता येता स्लाइड मॅगझिनमधलं, म्हणजे गोळ्यांच्या पेटीतलं, पुढचं काडतूस नळीत ढकलते. काडतूस कमी ताकदीचं असेल तर नळी आणि स्लाइडला धरून ठेवणारं वेगळं लॉक लागतच नाही, स्लाइडचं वजन आणि ही स्प्रिंग एवढ्यावर भागतं. यालाच ब्लोबॅक म्हणतात.

आता जॉन ब्राउनिंग, बंदुका-पिस्तुलांची रचना करणारा. माणूस अमेरिकेतल्या युटाचा, पण याची छोटी पिस्तुलं बनवली बेल्जियमच्या एफएन कारखान्याने. १९०० च्या मॉडेलमध्ये स्प्रिंग नळीच्या वर होती आणि तीच फायरिंग पिनलाही, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या खिळ्यालाही, ताकद द्यायची, म्हणजे एका स्प्रिंगमध्ये दोन कामं, डोकं बघा. पुढच्या मॉडेलांत ती नळीखाली गेली. आणि १९१० मध्ये त्याने ती सरळ नळीभोवतीच गुंडाळली! वेगळी जागाच लागत नाही, पिस्तूल एकदम सडपातळ. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात देखणं उत्तर हेच. १९२९ चं वॉल्थर पीपी, मग पीपीके, नंतर रशियन मकारोव्ह, सगळ्यांनी हीच जागा धरली. वॉल्थरने भर घातली ती डबल ॲक्शनची, म्हणजे घोडा आधी ओढून ठेवायची गरज नाही, चाप दाबला की झालं.

जाता जाता सांगतो, १९१४ ला सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडवर झाडलेलं पिस्तूल हेच १९१० चं मॉडेल, आणि १९४८ ला गांधीजींच्या हत्येत वापरलेलं बेरेटा १९३४ सुद्धा ब्लोबॅकच. दोन्हीत काडतूस तेच, ९ मिमी शॉर्ट, तेही ब्राउनिंगचंच.

पण ताकदवान काडतूस घातलं की ब्लोबॅकची पंचाईत होते. स्पेनच्या ॲस्ट्रा ४०० ने हट्टाने तेच केलं, तर स्प्रिंग इतकी कडक झाली की स्लाइड ओढताना हात दुखावा. सरळ मार्ग म्हणजे नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकवायची, थोडं मागे गेल्यावर नळी तिरपी होऊन सुटते. हेही ब्राउनिंगचंच काम, मोठ्या पिस्तुलांसाठी केलेलं. पण तिरपी होणारी नळी म्हटली की तिच्याभोवती घट्ट स्प्रिंग गुंडाळता येत नाही, परत नळीखाली, आणि लहान पिस्तुलात तिथे जागा आहेच कुठे?

९० च्या दशकात ग्लॉक २६ ने एकात एक अशा दोन स्प्रिंगा बसवून हे सोडवलं. मुहूर्तही बरा लागला, कारण अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने (तो २००४ ला संपला) सामान्य लोकांसाठी दहाहून जास्त गोळ्यांची नवी मॅगझिन बंद झाली, मग तेवढ्याच गोळ्यांसाठी मोठं पिस्तूल कोण बाळगणार.

फुकट मात्र काही नाही, आखूड जागेत स्प्रिंग जास्त दाबली जाते, लवकर थकते, म्हणून छोट्या पिस्तुलात ती मोठ्यापेक्षा लवकर बदलावी लागते.