‘म’वर अडलेला आवाज

श्रोतेहो, नमस्कार.

१९५८ सालची गोष्ट. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या नाट्यगृहांच्या भागात, कॉर्ट थिएटर नावाच्या नाट्यगृहात एक नाटक चालू होतं, ‘सनराइज ॲट कॅम्पोबेलो’. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांना पोलिओ झाला, त्या दिवसांवरचं. त्यात घरच्या नोकराचं अगदी बारीक काम सत्तावीस वर्षांच्या एका कृष्णवर्णीय नटाकडे होतं. आत यायचं आणि म्हणायचं, ‘मिसेस रूझवेल्ट, जेवण तयार आहे.’ एका प्रयोगात तो आत आला, तोंड उघडलं, आणि ‘मिसेस’मधल्या ‘म’वरच गाडी अडली. म... म... म... पुढे सरकेचना. समोर प्रेक्षक बसलेले. एलेनॉर रूझवेल्टचं काम करणारी नटी धीर धरून थांबली, आणि शेवटी एकदाचं वाक्य बाहेर पडलं.

हा नट म्हणजे जेम्स अर्ल जोन्स. नाव ओळखीचं वाटलं नाही, तरी ‘स्टार वॉर्स’मधला काळ्या मुखवट्याचा डार्थ व्हेडर आठवतो का? त्याचा तो विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज याचा. ‘लायन किंग’च्या मूळ इंग्रजी सिनेमातला मुफासाही याचाच. (२०१९च्या हिंदी मुफासाला शाहरुख खानने आवाज दिला, त्यामुळे आपल्याकडच्या मुलांच्या कानात बहुधा तोच असेल.)

या माणसाचा जन्म १७ जानेवारी १९३१चा, मिसिसिपीतल्या अर्काबटला गावचा. बाप घर सोडून गेलेला. पोराला आईच्या आईवडिलांनी सांभाळलं, आणि पाचेक वर्षांचा असताना हे कुटुंब मिशिगनमधल्या शेतावर राहायला गेलं. तिथे जेम्सची जीभ अशी अडखळू लागली, की त्याने बोलणंच सोडलं. घरच्यांशी थोडंफार, शेतावरच्या जनावरांशी मोकळेपणाने, पण शाळेत आणि परक्यांसमोर मौन. जवळजवळ आठ वर्षं! आपल्या नाटकांत तोतरं पात्र आणलं की हुकमी हशा मिळतो. लहानपणी मीही तसा हसलोय, आता ते आठवून बरं वाटत नाही.

हायस्कुलात डोनल्ड क्राउच नावाचे शिक्षक भेटले. जेम्स गुपचूप कविता लिहितो, हे त्यांना कळलं. त्याने एकदा ग्रेपफ्रूटवर कविता केली. ग्रेपफ्रूट म्हणजे आपल्या पपनसाचं भावंड. उत्तरेकडच्या त्या थंड मुलखात ते फळ मिळणं हीच अपूर्वाई. क्राउच सर कविता वाचून म्हणाले, ही इतकी चांगली आहे की तूच लिहिलीस हे मला पटत नाही. तुझी असेल तर वर्गापुढे पाठ म्हणून दाखव. चोरीचा आळ! पोरगा तिरीमिरीत उभा राहिला आणि कुठेही न अडता अख्खी कविता म्हणून बसला. लयीत बांधलेले शब्द आपल्या तोंडून सरळ बाहेर पडतात, हे त्याचं त्यालाच तेव्हा कळलं. तोतरेपणा पुरता कधीच गेला नाही, पण पाठ केलेल्या शब्दांचा आधार सापडला.

पुढे मिशिगन विद्यापीठात तो डॉक्टर व्हायला गेला आणि नाटकात शिरला. मग लष्करातली नोकरी, आणि तिथून न्यूयॉर्क. तिथे ज्या बापाने टाकलं होतं, त्याच्याकडेच तो राहिला. बाप रॉबर्ट अर्ल जोन्स, तोही नट. पोटासाठी दोघे लोकांच्या घरच्या लाकडी जमिनींना पॉलिश करत.

सेंट्रल पार्कातल्या मोफत शेक्सपिअर प्रयोगांतून त्याचं नाव झालं. तिथेच त्याला पाहून दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिकने १९६४च्या ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’मध्ये घेतलं, तो त्याचा पहिला सिनेमा. मग १९६८ साली ब्रॉडवेवर ‘द ग्रेट व्हाइट होप’ आलं. जॅक जॉन्सन या पहिल्या कृष्णवर्णीय हेवीवेट विजेत्या मुष्टियोद्ध्यावर बेतलेलं हे नाटक. जोन्सने डोकं तासलं, शरीर कमावलं आणि टोनी हा ब्रॉडवेचा मानाचा पुरस्कार मिळवला. १९७०च्या सिनेमासाठी ऑस्करचं नामांकनही मिळालं.

आणि १९७७ साली व्हेडर. काही तासांचं काम, सात हजार डॉलर बिदागी. पडद्यावर वावरणारा देह डेव्हिड प्राउजचा, म्हणून जोन्सने ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या दोन सिनेमांत आपलं नावही येऊ दिलं नाही. आपण फक्त स्पेशल इफेक्ट, असं तो म्हणायचा. जगाने मात्र त्याला तेवढ्यासाठीच ओळखलं, आणि मला खटकतं ते इथे.

कारण माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं काम १९८७चं आहे. ऑगस्ट विल्सन यांचं नाटक ‘फेन्सेस’. ट्रॉय मॅक्सन हा पिट्सबर्गमधला कचरा उचलणारा कामगार, एके काळचा पट्टीचा बेसबॉल खेळाडू. कातडीच्या रंगापायी त्याला मोठ्या संघांची दारं बंद राहिली. मुलगा विचारतो, बाबा, मी तुम्हाला कधी आवडलोच नाही का? बाप उसळतो. तू आवडायला हवास असा कायदा आहे का? तुला खाऊपिऊ घालतो, कारण ते माझं कर्तव्य आहे. बापाविना वाढलेल्या नटाच्या तोंडी हे शब्द! याही कामाला टोनी मिळाला. पण २०१६ साली सिनेमा निघाला तेव्हा ट्रॉय झाला डेन्झेल वॉशिंग्टन. आपण एवढ्या लांबून नाटक बघणार कसं? आपल्यापर्यंत आला तो व्हेडर.

२०११चं मानद ऑस्करही त्याला गाठायला नाट्यगृहात आलं. लंडनमध्ये ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’चा दुपारचा प्रयोग संपला आणि आपल्याला ‘गांधी’मुळे ठाऊक असलेले बेन किंग्जली बाहुली घेऊन थेट रंगमंचावर आले. तेव्हा जोन्स ऐंशीचा होता. चौऱ्याऐंशीव्या वर्षीसुद्धा त्याने ब्रॉडवेवर सिसिली टायसनबरोबर ‘द जिन गेम’ केलं. दोनच पात्रांचं नाटक, म्हणजे विंगेत दम खायला फारशी उसंत नाही.

९ सप्टेंबर २०२४ रोजी, त्र्याण्णवाव्या वर्षी तो गेला. त्याआधी दोन वर्षं ब्रॉडवेवरच्या एका नाट्यगृहाची पाटी बदलली होती. ते नाट्यगृह कॉर्ट, जिथे त्याचा ‘म’ अडला होता. आता दारावर लिहिलंय, जेम्स अर्ल जोन्स थिएटर.

नमस्कार.