चौथ्या मजल्यावरचे बिऱ्हाड

पडद्यावर दिसणारा हा जिना जरा नीट पाहून घ्या. कॅलिफोर्नियातील पासाडेना शहरातल्या एका इमारतीचा हा जिना आहे, आणि त्याच्या शेजारी पिवळ्या पट्ट्या लावून बंद ठेवलेली लिफ्ट आहे. ‘द बिग बँग थिअरी’ या मालिकेत जवळजवळ शेवटपर्यंत ही लिफ्ट दुरुस्त झाली नाही, आणि म्हणून मालिकेतील माणसांना चौथ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडापर्यंत प्रत्येक वेळी जिना चढत, आणि चढता चढता एकमेकांशी बोलत, जावे लागले. स्टुडिओत प्रत्यक्षात एकाच मजल्याचा जिना उभारलेला होता. कलाकार एक मजला चढून गेले की भोवतीच्या पाट्या आणि वस्तू बदलल्या जात, आणि तेच कलाकार खाली येऊन तोच जिना पुन्हा चढू लागत. बोलणे मात्र जिथे थांबले होते तिथूनच पुढे सुरू होत असे.

सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर २४ सप्टेंबर २००७ रोजी सुरू झालेली ही मालिका १६ मे २०१९ रोजी संपली, तेव्हा तिची १२ पर्वे आणि २७९ भाग झाले होते. कथेला मोठा पसारा नाही. शेल्डन कूपर हा सैद्धांतिक आणि लेनर्ड हॉफस्टॅटर हा प्रायोगिक भौतिकशास्त्रज्ञ एका घरात भाड्याने राहतात. हॉवर्ड वॉलोविट्झ हा अभियंता आणि राजेश कूथरापल्ली हा खगोलभौतिकीचा संशोधक यांचा मुक्काम बहुतेक संध्याकाळी तिथेच असतो. आणि समोरच्या घरात नेब्रास्काहून आलेली, अभिनेत्री होण्याची आस बाळगून वेट्रेसचे काम करणारी पेनी राहायला येते. एवढ्या भांडवलावर ही मालिका बारा वर्षे कशी टिकली, याचे उत्तर मला तिच्या कधीच प्रसारित न झालेल्या एका भागात सापडते.

चक लॉरी आणि बिल प्रेडी या निर्मात्यांनी २००६ मध्ये एक पायलट, म्हणजे वाहिनीला दाखवायचा नमुन्याचा भाग चित्रित केला होता. त्यात पेनी नव्हती. तिच्या जागी केटी नावाची, टक्केटोणपे खाऊन कडवट झालेली आणि या दोघा मित्रांना टोचून बोलणारी तरुणी होती. चाचणीच्या वेळी प्रेक्षकांना ते दोन भाबडे शास्त्रज्ञ आवडले, परंतु त्यांच्याशी कुणी असे वागावे, हे काही त्यांच्या पचनी पडले नाही. वाहिनीने तो भाग नाकारला, तरी निर्मात्यांना दुसरी संधी दिली. आणि नव्या संहितेत केली क्वोको हिने साकारलेली पेनी आली, जिला या मुलांचे बोलणे फारसे कळत नाही, पण त्यांच्याविषयी तिच्या मनात आकसही नाही. माझ्या मते या मालिकेची सारी गोडी त्या एका दुरुस्तीत आहे. या माणसांना आपण हसायचे आहे, परंतु त्यांना सांभाळूनही घ्यायचे आहे, हे प्रेक्षकांनीच निर्मात्यांना सांगितले होते.

हीच आस्था विज्ञानाच्या बाबतीतही दिसते. मागे उभा असलेला हा पांढरा फळा आणि त्यावरची समीकरणे ही नुसती शोभेची नक्षी नव्हे. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील कणभौतिकीचे प्राध्यापक डेव्हिड साल्टझबर्ग हे मालिकेचे विज्ञान सल्लागार होते. लेखक संहितेत विज्ञानापुरती जागा मोकळी सोडत, ती जागा साल्टझबर्ग भरून देत, आणि फळ्यावर काय लिहिलेले असावे, तेही तेच ठरवत. घरी बसून मालिका पाहणाऱ्यांपैकी ते वाचणारे फार थोडे असतील. पण जो वाचेल त्याची फसवणूक होऊ नये, एवढी काळजी प्रत्येक आठवड्याला घेतली गेली. स्टीफन हॉकिंग २०१२ मध्ये स्वतःच्याच भूमिकेत या मालिकेत आले, ते या घरात विज्ञानाची टिंगल होत नाही म्हणूनच आले असावेत, असे मला वाटते.

आता डिसेंबर २००८ मधील एका भागाकडे वळू. नाताळ जवळ आला आहे आणि पेनीने आपल्यासाठी भेट आणली आहे हे कळताच शेल्डन हवालदिल होतो, कारण त्याच्या लेखी भेट म्हणजे परतफेडीचे ओझे, आणि आहेर तर तोलामोलाचाच हवा. तो दुकानात जाऊन साबण, अत्तरे वगैरे भरलेल्या लहानमोठ्या अनेक टोपल्या विकत घेतो. पेनीच्या भेटीची किंमत काढायची, तेवढ्याच किमतीची टोपली तिला द्यायची आणि उरलेल्या दुकानात परत करायच्या, असा त्याचा बेत असतो. पेनी त्याच्या हातात हॉटेलातला एक कापडी नॅपकिन ठेवते. ‘स्टार ट्रेक’ मालिकेत स्पॉकची भूमिका करणारे लेनर्ड निमॉय तिच्या हॉटेलात जेवायला आले होते, आणि त्यांनी शेल्डनचे नाव घालून त्यावर सही केली होती. नॅपकिन जरा मळलेला आहे, त्यांनी त्याला तोंड पुसले आहे, असे ती ओशाळून सांगते, आणि शेल्डनच्या पायांतले बळच जाते. तो आत जातो आणि हातांत मावतील तितक्या, म्हणजे सगळ्याच्या सगळ्या, टोपल्या घेऊन बाहेर येतो. तरीही हिशेब जुळत नाही हे त्याला कळते, आणि ज्याला कुणाचा स्पर्श सोसत नाही असा हा माणूस, हात कुठे ठेवावेत हे न कळून, अवघडत पेनीला मिठी मारतो. शेल्डन साकारणाऱ्या जिम पार्सन्स यांना या भूमिकेसाठी चार वेळा अमेरिकी दूरचित्रवाणीचा एमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या खांद्यांतला तो ताठरपणा आणि मग आलेला किंचित सैलपणा पाहिला, की तो का मिळाला हे सांगावे लागत नाही.

सांभाळून घेण्यातही कधी कधी मोठी चूक होते, हे लेखकांनी लपवले नाही. २००९ मध्ये चौघे मित्र उत्तर ध्रुवाजवळ संशोधनाला जातात. चुंबकाचे कितीही तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्याला उत्तर आणि दक्षिण अशी दोन्ही टोके राहतातच; एकच टोक असलेला कण सिद्धांतानुसार असू शकतो, पण तो अजून निश्चितपणे कुणाला सापडलेला नाही, आणि शेल्डनला तोच शोधायचा आहे. त्या बर्फात त्याची चिडचिड सोसवेना, तेव्हा मित्र डबे उघडायचे विजेचे यंत्र चालू-बंद करून त्याला हवी तशी नोंद उपकरणावर उमटवून देतात. त्याला आनंद व्हावा एवढाच हेतू असतो. पण शास्त्रज्ञाला खोटी नोंद देणे म्हणजे त्याच्या पायाखालची जमीन काढून घेणे आहे. सत्य कळल्यावर शेल्डन नोकरी सोडून टेक्सासला आईकडे निघून जातो, आणि ते तिघे क्षमा मागायला त्याच्या मागोमाग तिथे जातात.

राजेशच्या बाबतीत मात्र ही आस्था नेहमी पुरी पडली नाही, आणि हे मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. दिल्लीत वाढलेल्या कुणाल नय्यर यांनी हा लाजराबुजरा, सहा पर्वे दारू घेतल्याखेरीज स्त्रियांशी शब्दही बोलू न शकणारा माणूस फार मायेने उभा केला. परंतु भारताविषयीचे अनेक विनोद उथळ होते. दुसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात माधुरी दीक्षित यांच्याविषयी जे वाक्य राजेशच्या तोंडी घातले गेले, ते ऐकून कोणताही मराठी प्रेक्षक दुखावला जाईल. २०२३ मध्ये त्यावरून, ही मालिका दाखवणाऱ्या नेटफ्लिक्सला कायदेशीर नोटीसही गेली. वास्तव या विनोदांहून कितीतरी समृद्ध होते. हे मित्र पासाडेनातल्या ज्या कॅलटेक या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत काम करताना दाखवले आहेत, त्याच संस्थेच्या वेधशाळांचे संचालकपद त्या काळात, २००६ ते २०१८ पर्यंत, कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी सांभाळत होते.

सुरुवातीची काही वर्षे स्त्रियांकडे पाहण्याची दृष्टीही कोती होती. ती रुंदावली, ती बर्नाडेट ही सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ २००९ मध्ये आणि एमी ही मेंदूची अभ्यासक २०१० मध्ये आल्यावर. एमी साकारणाऱ्या मायिम बियालिक यांनी स्वतः मज्जाविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेली आहे. या दोघींमुळे पेनीला मैत्रिणी मिळाल्या, आणि प्रयोगशाळेतल्या बाईलाही विक्षिप्त, हट्टी आणि हवीहवीशी असण्याचा हक्क मिळाला.

आणि आता पुन्हा त्या लिफ्टकडे येऊ. ती का बंद पडली, हे प्रेक्षकांना २०१० मध्ये, तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस, मागच्या काळातील एका प्रसंगातून कळते. लेनर्ड घरात अग्निबाणाच्या इंधनाचा प्रयोग करायला जातो आणि त्याचे प्रमाण चुकते. धोका आधी शेल्डनच्या लक्षात येतो; तो इंधनाचे भांडे घेऊन निघालेल्या लेनर्डला लिफ्टमधून बाहेर ओढतो, भांडे आत ठेवतो, दार बंद होते आणि लिफ्टच्या चिंधड्या होतात. त्यानंतर शेल्डन लेनर्डचे नाव कुणालाही सांगत नाही. इतक्या हेकट माणसासोबत तू राहतोस तरी कसा, असे पेनीने लेनर्डला विचारलेले असते, आणि त्याचे उत्तर ही गोष्ट आहे.

शेवटच्या दोन भागांत लिफ्ट सुरू होते. शेल्डन आणि एमी यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळते, आणि स्टॉकहोमच्या समारंभात शेल्डन स्वतःविषयी लिहून आणलेले लांबलचक भाषण बाजूला ठेवतो, समोर बसलेल्या आपल्या मित्रमैत्रिणींची एकेक करून नावे घेतो आणि त्यांना उभे राहायला सांगतो. त्यानंतर एकच दृश्य आहे. चौथ्या मजल्यावरच्या त्या दिवाणखान्यात सातही जण बाहेरून आणलेले जेवण घेऊन बसले आहेत, आणि बारा वर्षे धावत्या लयीत ऐकलेले मालिकेचे गाणे या वेळी संथपणे वाजते आहे.