भोपळ्याच्या बिया : बांधायच्या कशाने?

मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात शुगरच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे थेट मुद्द्यावर येते. दोन्ही जेवणं तुम्ही सांभाळता. घोटाळा होतो तो चार वाजता. चहाबरोबर काय? मारी बिस्किट, मुरमुरे, नाहीतर ‘हलकं असतं’ म्हणून मखाणे. मखाणे वजनाला हलके असतात हो, पण शंभर ग्रॅममध्ये सत्तर ग्रॅमच्या वर कार्ब्ज, म्हणजे साखर वाढवणारे पिष्ट पदार्थ! सोललेल्या भोपळ्याच्या बीत तेवढ्याच वजनात साधारण 11 ग्रॅम, आणि त्यातलेही सहाएक ग्रॅम तंतू, जे पचून साखर होत नाहीत. प्रथिनं 30 ग्रॅम, मॅग्नेशियम आणि जस्त भरपूर. मात्र स्निग्धांशही 49 ग्रॅम, म्हणजे 560 उष्मांक. तेव्हा मूठभर खायची, डबा मांडीवर घेऊन बसायचं नाही.

बी चांगली आहे हे आता सगळ्यांना पाठ झालंय. अडतं कुठे, तर खाऊ करताना. आपला कोरडा खाऊ एकतर पिठाने बांधलेला असतो, नाहीतर पाकाने. लाडू घ्या, चिक्की घ्या, शंकरपाळे घ्या. बिया घालून गुळाची चिक्की केली की ती ‘हेल्दी’ होते, असं सर्रास ऐकू येतं. अहो, ती चिक्कीच! खा, जरूर खा, संक्रांतीला खा; फक्त लो-कार्ब म्हणू नका. खजुराच्या लाडवालाही तेच लागू. म्हणजे पीठ आणि पाक दोन्ही बाजूला ठेवले, तर बिया एकत्र धरणार कोण?

पहिलं उत्तर, बांधूच नका. जाड बुडाची कढई, मंद आच, तेल नाही. बिया घालून हलवत राहा. आधी काहीच होत नाही. मग एकेक बी टम्म फुगते, टपटप आवाज यायला लागतो, काही उडून ओट्यावर पडतात. कडा किंचित सोनेरी झाल्या की पुरे. बी आतून तपकिरी झाली तर कडवटपणा येतो आणि तो कुठल्याच मसाल्याने झाकत नाही. आता मीठ. कोरडं मीठ टाकलंत तर ते सगळं तळाशी जाऊन बसतं. त्यापेक्षा चमचाभर पाण्यात मीठ, हिंग आणि हळद विरघळवा आणि गरम कढईतल्या बियांवर शिंपडा. चर्र होऊन पाणी उडून जातं, मिठाचा पातळ थर बीवर राहतो. लाल तिखट आणि आमचूर गॅस बंद केल्यावरच, नाहीतर तिखट करपून सगळ्या घराला ठसका.

दुसरं उत्तर जवस. जवसाची पूड पाण्यात भिजवली की चिकट होते, तेच आपलं पीठ. शंभर ग्रॅम बिया, निम्म्या अख्ख्या आणि निम्म्या मिक्सरमधून जाडसर काढलेल्या. पन्नास ग्रॅम जवसाची पूड, पंचवीस ग्रॅम तीळ, एक मोठा चमचा इसबगोल, ओवा, ठेचलेली मिरची, मीठ. अर्धी-पाऊण वाटी पाणी हळूहळू घालून मळा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. इथे घाई केलीत तर लाटताना गोळा फाटतो. मग दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून जितकं पातळ लाटता येईल तितकं लाटा आणि भाजण्याआधीच सुरीने चोवीस चौकोन आखा. भाजल्यावर कापायला गेलात तर चुरा हाती येईल. ओव्हन 150 अंशांवर, चाळीसएक मिनिटं, मध्ये एकदा उलटून. ओव्हन नसेल तर तव्यावर थालीपीठ लावतो तसं थापा, मध्ये भोकं पाडा, झाकण न ठेवता मंद आचेवर दोन्हीकडून वाळू द्या. तेवढं खुसखुशीत होत नाही, पण चव तीच.

या सगळ्या घाण्यात तंतू वजा जाता कार्ब्ज आठ-नऊ ग्रॅम. एका मध्यम पोळीत अठरा-वीस असतात. एका चौकोनाचे चाळीसेक उष्मांक, तेव्हा चार खाल्लेत की डबा बंद.

चटणी तर सोपी. भाजलेल्या बिया, सुकं खोबरं, लसूण, जिरं, तिखट, आणि खलबत्ता. मिक्सर सलग फिरवला की तेल सुटून लगदा होतो, म्हणून थांबत थांबत.

मघाशी एका ताईंनी विचारलं, घरच्या भोपळ्यातल्या बिया का नाही वापरायच्या? वापरा की! धुऊन, मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळून, उन्हात खडखडीत वाळवून भाजा आणि टरफलासकट चावून खा. सोलत बसायचा उद्योग करू नका, संध्याकाळ जाते. मात्र दात हलत असतील किंवा आतड्याचा त्रास असेल तर सोललेलीच बरी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असताना अचानक पोळी-भात तोडून या खाऊवर राहू नका, आधी डॉक्टरांशी बोला. मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनीही विचारूनच. या बियांत फॉस्फरस बराच असतो.

आणि साठवण. या बियांना खवट वास लवकर लागतो, म्हणून कच्च्या बिया फ्रिजमध्ये ठेवा आणि भाजायच्या त्या आठवड्यापुरत्याच. पावसाळ्यात चौकोन मऊ पडले तर टाकू नका, मंद तव्यावर पाच मिनिटं ठेवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच डब्यात भरा. कोमट भरलेत तर पुन्हा मऊ!