हबचा नट आणि छिन्नीचा घाव

मंडळी, विषय चाकाच्या नटांचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. स्टेपनी लावताना जे पाच-सहा नट आपण खोलतो, ते वेगळे. ते समोरासमोरच्या जोडीने आवळायचे, टॉर्क रेंचचा (ठरल्या जोराला खूण देणाऱ्या पान्याचा) ‘कट्’ ऐकायचा, विषय संपला. आज त्यांच्याही मागे जायचंय. हब म्हणजे चाकाचा मधला तुंबा. फ्री व्हील हबचं, म्हणजे पुढचं चाक शाफ्टला जोडता-सोडवता येणाऱ्या हबचं, झाकण काढलं, आतलं दातेरी चाक ओढून घेतलं, की स्टब अ‍ॅक्सलच्या (चाक ज्याच्यावर फिरतं त्या स्थिर आसाच्या) आट्यांवर दोन मोठे, पातळ, षटकोनी नट दिसतात. जुन्या फोर बाय फोरच्या पुढच्या चाकात बहुतेक वेळा हीच मांडणी. आतला नट, मग जीभ असलेलं वायसर, मग बाहेरचा नट. आतला नट बेअरिंगचा दाब ठरवतो आणि बाहेरचा त्याला जागेवर धरतो. निदान कागदावर तरी त्यांची कामं अशी वाटलेली आहेत. बाहेरचा नट आतल्याच्या कामात कशी लुडबूड करतो, हाच आजचा मुद्दा. पण तिथे पोचण्याआधी एका हत्याराबद्दल बोलावंच लागेल.

ते हत्यार म्हणजे छिन्नी. हसू नका. या सभागृहात किती जणांच्या हबमधले नट छिन्नीने फिरलेत, हे हात वर करून विचारलं तर पंचाईत होईल. जुनी गाडी पहिल्यांदा उघडल्यावर नटाचे कोपरे बघा. सहापैकी तीन-चार कोपरे खाल्लेले असतात आणि कडेवर तिरप्या घावांच्या खुणा असतात. हा नटाचा इतिहास. प्रत्येक मालकाने आणि प्रत्येक मिस्त्रीने त्यात एक-एक ओळ लिहिलेली.

छिन्नी का वापरतात? नट हबच्या पोकळीत खोल बसलेला असतो आणि साधा पाना तिथे जात नाही. हवा असतो खोल, पातळ भिंतीचा बॉक्स पाना, काही गाड्यांना ५४ मिलिमीटरचा, काहींना ५२चा. तो आणला तरी एक गोम आहे. बाजारातल्या बॉक्स पान्याच्या तोंडाला आतून उतार दिलेला असतो, नटावर सहज बसावा म्हणून. जाड नटाला तो चालतो. हा नट इतका पातळ, की पान्याचा अर्धा दात हवेतच राहतो, पाना सटकतो आणि कोपरे जातात ते जातातच. उपाय सोपा आहे. पान्याचं तोंड ग्राइंडरवर घासून सपाट करायचं, उतार संपेपर्यंत.

आता छिन्नीचं खरं पाप. कोपरे बिघडणं हे त्यातलं सगळ्यात किरकोळ. प्रत्येक घावाला धातूचा बारीक कीस सुटतो आणि तो पडतो कुठे? थेट बाहेरच्या बेअरिंगच्या ग्रीसमध्ये. म्हणजे शंभर टक्के स्वच्छ हातांनी भरलेल्या नव्या ग्रीसमध्ये आपणच रोलरसाठी पॉलिश पेपर मिसळतो. दुसरं पाप मापाचं. आट्यांचा पिच दीड मिलिमीटर धरा. नट पूर्ण एक फेरी फिरला तर दीड मिलिमीटर आत जातो. घड्याळातल्या एका तासाएवढा, म्हणजे ३० अंश फिरला, तर ०.१२५ मिलिमीटर. चाकाच्या टेपर बेअरिंगमध्ये, म्हणजे निमुळत्या रोलरांच्या बेअरिंगमध्ये, जिथे थोडा ढिलेपणा ठेवायचा असतो, तिथे तो साधारण ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटरच्या आत बसवतात. म्हणजे अख्खी मुभा घड्याळाच्या एका तासात संपते. छिन्नीचा एक घाव किती अंश फिरवेल, सांगा बघू? मारणाऱ्यालाही ठाऊक नसतं. दोन घाव आणि ‘आणखी एक, खात्रीसाठी’! हा खात्रीचा घाव बेअरिंगला सगळ्यात महागात पडतो.

मधेच एक गैरसमज. नव्या गाड्यांच्या ड्राइव्ह शाफ्टचा मधला नट दोनशे न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) किंवा त्याहूनही जास्त आवळतात, मग हा एवढासाच का, असं विचारतात. तिथे बेअरिंग एकसंध येतं, आतलं अंतर कारखान्यातच ठरलेलं असतं आणि नट फक्त भाग एकमेकांना दाबून धरतो. इथे दोन टेपर बेअरिंग तोंडं फिरवून बसवलेली असतात, मोठं आत आणि लहान बाहेर. त्यांच्यातला दाब नटानेच ठरतो. तिथली सवय इथे आणली की बेअरिंग भाजलंच.

भाजतं म्हणजे नेमकं काय होतं? जास्त आवळलेलं बेअरिंग तापतं, ग्रीस पातळ होऊन वाहू लागतं, धातू धातूला घासतो, रोलर निळसर पडतात आणि शेवटी रोलर धरून ठेवणारा पिंजरा तुटतो. ढिलं राहिलं तर सगळा खेळ सावकाश चालतो, म्हणून लक्षात येत नाही. भार मोजक्याच रोलरवर येतो, बेअरिंगचा कोन, म्हणजे आतली कडी, स्टब अ‍ॅक्सलवर स्वतःच फिरायला लागून तिथे खोबण पाडतो. ऑइल सील एका बाजूने झिजतं. डिस्क डुलते आणि ब्रेकचे पॅड मागे ढकलते, मग पहिल्या दाबाला पेडल खाली जातं आणि दुसऱ्याला नीट. लोक ब्रेकमधली हवा काढत बसतात आणि दोष असतो हबमध्ये.

तो ओळखायचा असा. चाक जॅकवर घ्या, गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा, टायर वर आणि खाली धरून हलवा. डुगडुगलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. डुगडुग थांबली तर बेअरिंग ढिलं. तरीही राहिली तर नकलच्या (चाक वळवणाऱ्या सांध्याच्या) पिनांची बेअरिंगं किंवा बॉल जॉइंट बघा, हबला उगाच हात लावू नका.

समोरून पाच मिनिटांची खूण झाली आहे. पत्रिकेत छापलंय ‘नट योग्य रीतीने आवळणे’ आणि आम्ही अजून छिन्नीतच! तेव्हा झरझर सांगतो.

ब्रेकचा कॅलिपर (पॅड धरणारा भाग) काढून बाजूला टांगा. पॅड घासत असतील तर पुढचं एकही माप खरं येणार नाही. कप, म्हणजे हबमध्ये ठोकून बसवायच्या बेअरिंगच्या बाहेरच्या कड्या, नवे बसवले असतील तर ते तळापर्यंत गेलेत ना, हे आवाजावरून ओळखा. पितळी दांड्याने ठोकताना ठोका पोकळ येत असतो तो अचानक भरीव होतो. अर्धवट बसलेला कप पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये खाली बसतो आणि तुमचं माप घेऊन जातो.

आकडे टोयोटा लँड क्रूझरच्या ८० मालिकेचे देतो. तुमच्या गाडीचे तिच्या पुस्तिकेतूनच घ्या. काही गाड्यांत नट आवळून पाव फेरी मागे घ्यायला आणि किंचित ढिला ठेवायला सांगतात, तिथे हा दाब लावू नका. तर, आतला नट ५९ न्यूटन-मीटरला आवळायचा आणि हब दोन्ही दिशांना दोन-तीनदा फिरवायचा. रोलर आपल्या जागी बसतात ते या फिरवण्याने. मग नट हाताने फिरेल इतका सोडायचा आणि पुन्हा आवळायचा, फक्त ५.४ला. चुकून ५४ ऐकू नका.

आता स्प्रिंग काटा चाकाच्या एका स्टडला (चाकाचा नट बसतो त्या खुंटीला) अडकवा आणि हब फिरेल असा आडवा ओढा. हब फिरायला लागताना काटा साधारण २.८ ते ५.७ किलो दाखवायला हवा. स्टड केंद्रापासून ७० मिलिमीटरवर, म्हणजे हब फिरवायला दोन ते चार न्यूटन-मीटर. ५.४वर थांबलात तर काटा बरेचदा कमीच दाखवतो. तसं झालं तर नट थोडा-थोडा आवळत पुन्हा ओढून बघा. शेवटचा शब्द काट्याचा, रेंचचा नाही. नवं ऑइल सील स्वतःच थोडा अडथळा करतं, म्हणून नट सैल असताना एकदा ओढून तो आकडा लिहून ठेवा आणि मापातून वगळा.

आणि आता तो मुद्दा, ज्यासाठी उभा राहिलो. वायसर घाला, जीभ स्टब अ‍ॅक्सलच्या खाचेत, बाहेरचा नट ६४ न्यूटन-मीटरला. झालं? नाही झालं. आट्यांमध्ये नेहमी थोडी मोकळीक असते. बाहेरचा नट आवळला की तो आतल्याला त्या मोकळिकीएवढा आत ढकलतो आणि मघाशी जमवलेला दाब वाढतो. म्हणून काटा पुन्हा लावायचा, बाहेरचा नट आवळून झाल्यावर. आकडा वर गेला असेल तर दोन्ही सोडा, आतला थोडा मागे घ्या आणि पुन्हा. तीन-चार फेऱ्या लागतात, त्यात कमीपणा नाही. बाहेरचा नट लावायच्या आधी मोजलेला आकडा म्हणजे मीठ टाकण्याआधी चाखलेली आमटी.

शेवटी वायसरचा एक कान आतल्या नटावर, दुसरा बाहेरच्या नटावर दुमडा. वायसर दर वेळी नवं. एकदा वाकवलेला कान परत सरळ केला की तडकतो आणि जीभ तुटली तर दोन्ही नट जोडीने फिरायला मोकळे. वीस किलोमीटर चालवून दोन्ही बाजूंच्या हबला हात लावा, एकच बाजू चटका देत असेल तर ती उघडा. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा जॅकवर घेऊन टायर हलवून बघा.

चिठ्ठी आली आहे: ‘कान दुमडायला काय वापरायचं?’ छिन्नी. बोथट, आणि हातोडीच्या हलक्या टिचकीने.