मॅनेजर निर्णय कसा घेतो? (आणि "प्रूफ दाखव" म्हणणाऱ्या साहेबांबद्दल थोडं)

नमस्कार मंडळी! डिसिजन मेकिंगवर व्हिडिओ करा म्हणून कमेंटमध्ये नुसता तगादा लावलाय, त्यात एमबीएची पोरं जास्त, परीक्षा जवळ आली वाटतं. तर स्टेप्स उरकतो: प्रॉब्लेम ओळखा, पर्याय काढा, तोलून बघा, एक निवडा, राबवा, नंतर तपासा. झालं. हर्बर्ट सायमन नावाचा अमेरिकन अभ्यासक म्हणतो, मॅनेजरकडे ना सगळी माहिती असते ना तेवढा वेळ, म्हणून तो बेस्ट शोधत बसत नाही, चालण्यासारखं काही सापडलं की थांबतो. १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल आहे त्याला, लिहून घ्या.

आता माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट. पुरावा कोणी द्यायचा, हे कुठल्याच स्टेपमध्ये नसतं!

२७ जानेवारी १९८६ ची रात्र. दुसऱ्या दिवशी चॅलेंजर यान उडणार, आणि रॉकेट बनवणाऱ्या थायोकोल कंपनीचे इंजिनिअर फोनवर नासाला सांगतायत की ५३ फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे साधारण १२ डिग्री सेल्सिअसच्या खाली, उडवू नका, थंडीत ते रबरी ओ-रिंग (रॉकेटच्या सांध्यातून गरम गॅस बाहेर येऊ नये म्हणून लावलेल्या कड्या) वेळेत नीट बसत नाहीत. नासाचे लोक वैतागले. कंपनीने थोडा वेळ मागितला, फोन म्यूट, आणि एक वरिष्ठ साहेब इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला म्हणाला, इंजिनिअरची टोपी काढ, मॅनेजरची घाल. निर्णय फिरला. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, आतले सातही जण गेले.

बघा काय झालं. एरवी कंपनीने सिद्ध करायचं की उडवणं सेफ आहे. त्या रात्री इंजिनिअरांना सिद्ध करायला लावलं की सेफ नाही! अरे, तेवढ्या थंडीत आधी कधी उडवलंच नव्हतं तर डेटा आणणार कुठून?

आमच्या चाकणच्या एका कंपनीत (नाव नाही घेत) मी असताना क्वालिटीवाल्या पोराने डिस्पॅच अडवला की साहेब म्हणायचे, "फेल होईल याचं प्रूफ दाखव." तो बिचारा व्हर्निअर (माप घ्यायचं साधन) हातात घेऊन उभा, बाहेर ट्रक उभा, तीस तारीख, टार्गेट पूर्ण व्हायचंय. सांगा, कोण जिंकणार? पार्ट पास आहे याचं प्रूफ मात्र कोणी मागत नव्हतं.

मागच्या व्हिडिओखाली एकाने विचारलं होतं, "सर, मग नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाचं ऐकत बसायचं का?" नाही हो दादा. कॅन्टीनचा व्हेंडर बदलायचाय? बदला, नाही जमलं तर पुढच्या महिन्यात परत बदला, तिथे अडवणाऱ्याकडेच कारण मागा. पण जे परत फिरवता येत नाही तिथे "चालेल" म्हणणाऱ्याने सिद्ध करायचं, मग तो एमडी का असेना. आणि हे मीटिंगच्या आधी ठरवा हो, ट्रक गेटवर आल्यावर नाही. मीटिंगच्या नोंदीत, म्हणजे मिनिट्समध्ये, एक ओळ टाका, "हे चालेल असं कोण म्हणतंय आणि कशावरून", नावासकट. नाव लिहायची वेळ आली की निम्मे साहेब म्हणतात, थांबा, उद्या बघू.

स्वॉट ॲनालिसिस विचारणाऱ्यांनो, तो वेगळा व्हिडिओ करतो, कमेंटमध्ये भांडू नका.