हॉल्टनची पोरं पुढे काय झाली?

(नाशिक येथे आयटीआयचे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि माजी वायुसैनिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

पुढच्या रांगांमध्ये ओझरच्या वायुसेना डेपोतल्या अप्रेंटिसशिपचा फॉर्म भरलेली मुलं दिसतायत आणि मागे माझ्यासारखे पेन्शनर. मधल्या खुर्च्यांवर आईवडील आहेत. त्यांच्या मनातला प्रश्न मला न विचारताही कळतो: ‘हे करून पुढे काय?’ उत्तर एका जुन्या संस्थेच्या निमित्ताने शोधू. संस्था इंग्लंडची आहे, हॉल्टनची हवाई दलाची अप्रेंटिस शाळा. पण तिथली पोरं पुढे कुठे पोचली याची नोंद नीट राहिली आहे, म्हणून ती निवडली.

पहिलं महायुद्ध संपल्यावर, 1919 मध्ये, ब्रिटनच्या हवाई दलाचा प्रमुख झाला ह्यू ट्रेन्चर्ड. त्याच्याकडे विमानं होती, वैमानिक होते, पण ती विमानं चालती ठेवणारे कारागीर नव्हते. तयार कारागीर बाहेर चांगला पगार घेत होते, ते लष्करात कशाला येतील? तेव्हा त्याने ठरवलं की पंधरा-सोळा वर्षांची मुलं घ्यायची आणि आपणच घडवायची. लंडनच्या वायव्येला बकिंगहॅमशायरमध्ये हॉल्टन नावाचं गाव आहे. तिथली रॉथशिल्ड घराण्याची इस्टेट सरकारने घेतली होती. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे ही शाळा उभी राहिली आणि 1993 मध्ये शेवटची, म्हणजे 155 वी एंट्री (तुकडी) बाहेर पडेपर्यंत ती चालली. बाहेरच्या कारखान्यात अप्रेंटिसला पाच वर्षं लागत, ट्रेन्चर्डने ते तीन वर्षांत बसवलं. दलातल्या जुन्या लोकांनी या पोरांना नाव ठेवलं ‘ट्रेन्चर्डची कार्टी’. पोरांनी ते नाव पुढे आयुष्यभर अभिमानाने मिरवलं.

सुरुवात कानशीपासून. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा पकडायचा आणि तो काटकोनात येईपर्यंत घासत बसायचं. इथल्या फिटर ट्रेडच्या पोरांना हे सांगायला नको. पण हॉल्टनमध्ये वर्कशॉपच्या जोडीला वर्गही असत. गणित, मेकॅनिक्स, ड्रॉइंग, भाषा. फिटरला एवढं गणित कशाला, असं विचारणारे तेव्हाही होतेच. माझ्या मते हॉल्टनचं सगळं मर्म इथे आहे. कामाला लागतं त्यापेक्षा जास्त शिकवायचं. त्या जास्तीच्या शिक्षणाचं काय करायचं, हे मुलगा स्वतःच ठरवेल.

तिथले शिक्षकही तसेच होते. लॅटिमर-नीडहॅम हे शिक्षण अधिकारी. त्यांनी हॉल्टनच्या हौशी क्लबसाठी ‘मेफ्लाय’ नावाचं छोटं विमान डिझाइन केलं आणि ते 1927 मध्ये उडालंही. याच माणसाने तीस वर्षांनी हॉवरक्राफ्टच्या तळाला लावायच्या लवचीक झालरीची कल्पना मांडली.

आता सगळ्यांना माहीत असलेलं नाव घेऊ, फ्रँक व्हिटल. कॉव्हेन्ट्रीचा मुलगा. पहिल्यांदा गेला तेव्हा उंची जेमतेम पाच फूट, छातीही भरेना, म्हणून वैद्यकीय तपासणीत बाद. व्यायाम करून उंची वाढवली आणि 1923 मध्ये घुसलाच. त्याचं प्रशिक्षण मात्र हॉल्टनला झालं नाही. याच योजनेतली काही मुलं क्रॅनवेल या हवाई दलाच्या दुसऱ्या तळावर शिकत होती, तिथे तो होता. विमानांची मॉडेल बनवण्याच्या वेडामुळे तो वरिष्ठांच्या नजरेत भरला. दर वर्षी मोजक्या अप्रेंटिसना अधिकारी होण्यासाठी क्रॅनवेलच्या कॉलेजात पाठवत. जागा पाच, आणि व्हिटल सहावा. वरच्यापैकी एक जण वैद्यकीय तपासणीत नापास झाला म्हणून याला जागा मिळाली. दरवाजा होता हे खरं, पण तो किती अरुंद होता तेही बघा.

जेट इंजिनाचं पेटंट त्याने 1930 मध्ये दाखल केलं. हवाई मंत्रालयाला रस नव्हता. 1935 मध्ये नूतनीकरणाचे पाच पौंड भरायला नव्हते म्हणून पेटंट गेलं. त्याआधी 1934 मध्ये दलानेच त्याला केंब्रिजला पाठवलं होतं, तिथे त्याने पहिला वर्ग मिळवला. 12 एप्रिल 1937 ला रग्बीच्या कारखान्यात पहिलं इंजिन फिरलं तेव्हा कंट्रोलवर व्हिटल स्वतः होता. इंजिन हाताबाहेर वेग घेऊ लागलं, बाकीचे पळाले, हा जागेवरून हलला नाही. 15 मे 1941 ला त्याच्या इंजिनावर ग्लॉस्टर कंपनीचं विमान उडालं. उडालं कुठून, तर क्रॅनवेलहून.

इथवरची गोष्ट पाठ्यपुस्तकात सापडते. मला त्यानंतरचा व्हिटल जास्त विचार करायला लावतो. कामाच्या ताणाने त्याची तब्येत ढासळली. जेट इंजिनासाठी काढलेली त्याची कंपनी सरकारने 1944 मध्ये ताब्यात घेतली. 1948 मध्ये एअर कमोडोर या हुद्द्यावर, प्रकृतीच्या कारणाने, तो निवृत्त झाला. वय एक्केचाळीस. सर किताब मिळाला, एक लाख पौंडांचं बक्षीस मिळालं. पण समोर उरलेलं अर्धं आयुष्य होतं. मग त्याने विमान कंपनीत सल्लागाराचं काम केलं, शेल या तेल कंपनीसाठी तेलविहिरी खोदायच्या टर्बाइन ड्रिलवर काम केलं, 1976 मध्ये अमेरिकेत गेला आणि ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत संशोधक प्राध्यापक झाला. मागच्या रांगेतल्या मित्रांनो, तेव्हा तो सत्तरीला टेकला होता. आपण मात्र वायुसेनेतून निवृत्त होऊन अडतिसाव्या-चाळिसाव्या वर्षी बँकेच्या काउंटरमागे बसलो की ‘झालं आता’ म्हणतो!

दुसरा डॉन फिनले. हॉल्टनचा अप्रेंटिस आणि अडथळ्यांच्या शर्यतीतला धावपटू. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य, 1936 ला बर्लिनमध्ये रौप्य. 1940 मध्ये ब्रिटनच्या आकाशातल्या लढाईत तो फायटर स्क्वॉड्रनचा कमांडर होता. 1948 मध्ये लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये सगळ्या खेळाडूंच्या वतीने शपथ घेणारा तोच, एकोणचाळीस वर्षांचा.

आणि कीथ विल्यमसन. 1945 मध्ये हॉल्टनला अप्रेंटिस, 1948 मध्ये क्रॅनवेलला कॅडेट, 1982 ते 1985 ब्रिटिश हवाई दलाचा प्रमुख. यापेक्षा वर जायला जागाच नाही.

पण ज्यांना आयुष्य मिळालंच नाही त्यांचं काय? टॉमस ग्रे 1929 मध्ये हॉल्टनला आला. मे 1940 मध्ये बेल्जियममधल्या पुलावरच्या हल्ल्यात तो सार्जंट होता, बॉम्बर विमानाचा दिशादर्शक. विमान पडलं, तिघेही गेले. वैमानिक गार्लंड आणि ग्रे यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. मागे बसलेल्या रेनॉल्ड्स नावाच्या गनरला काहीही मिळालं नाही. एकच विमान, एकच मरण. हुद्द्याने सगळ्यात खालचा तो वगळला गेला, हे वाचताना माझ्यातला जुना एअरमन आजही चिडतो.

ज्यांची नावं कुठेच नाहीत त्या हजारोंचं आयुष्य साधं होतं. कॉर्पोरल, सार्जंट, कोणी वॉरंट ऑफिसर, मग विमान कंपन्या, इंजिन कारखाने, तंत्रशाळेतली मास्तरकी. काही जण मधेच वैमानिक झाले. 1920 च्या दशकातच अशी सोय होती की कारागिराने काही वर्षं सार्जंट-पायलट म्हणून उडायचं आणि परत आपल्या ट्रेडवर यायचं. हाताचं काम सुटू द्यायचं नाही, हा त्यामागचा हिशेब.

आपल्याकडे वळतो. भारतीय वायुसेना 1932 मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या पहिल्या तंत्रज्ञांना ‘हवाई सिपाही’ म्हणत. त्यातले हरजिंदर सिंग. लाहोरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला हा तरुण सिपाही म्हणून भरती झाला आणि एअर व्हाइस मार्शल होऊन निवृत्त झाला. 1961 मध्ये कानपूरच्या डेपोत ॲव्हरो हे वाहतूक विमान बांधून उडवण्यामागे त्यांची जिद्द होती. त्यांनी सांभाळलेल्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आज नागपूरला आहे.

तर मुलांनो, एक फरक नीट समजून घ्या. हॉल्टनचा पोरगा पहिल्या दिवसापासून हवाई दलाचा सैनिक होता, पुढची नोकरी त्यात धरलेली होती. ओझरच्या बेस रिपेअर डेपोत तुम्ही जाल ते ॲप्रेंटिसेस ॲक्टखाली. स्टायपेंड मिळेल, मिग-29 च्या ओव्हरहॉलचं काम जवळून बघायला मिळेल, पण नोकरीची हमी नाही. कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका, आणि पैसे तर अजिबात देऊ नका.

पालकांना एवढंच सांगतो, मुलगा संध्याकाळी थकून आला तरी त्याचा डिप्लोमाचा अभ्यास बंद पाडू नका. नागरी विमान उडायला योग्य आहे अशी सही करायची तर डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा द्याव्याच लागतात. आम्हा माजी वायुसैनिकांनाही त्यातून सूट नाही. चाळिशीनंतर या परीक्षांची मॉड्यूल घेऊन बसणारे आमच्यातले दोघेतिघे आज मागे बसलेत. त्यांना गाठा, पुस्तकं कोणती आणि पहिला पेपर कोणता ते विचारा, मला त्यातलं फार कळत नाही.